दलाल आणि दप्तर : एका विभाजनाचा इतिहास

शासनव्यवस्थेत एक जुना संकेत आहे. ज्याच्या सहीने पैसे खर्च होतात त्याच्या हाती तिजोरीची किल्ली नसावी, आणि ज्याच्या हाती किल्ली आहे त्याने हिशेब तपासू नये. आहरण व संवितरण अधिकारी देयकावर सही करतो, कोषागार रक्कम देते आणि महालेखापाल या दोघांचे हिशेब पाहतो. या रचनेमुळे कामास विलंब होतो अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो व ती पुष्कळदा खरीही असते. परंतु तिजोरी, सही आणि तपासणी एकाच हाती आल्यावर काय होते, याचे दाखले प्रत्येक राज्याच्या लेखापरीक्षण अहवालात सापडतात.

भारतातील शेअर बाजाराला हा साधा संकेत उमगण्यास जवळजवळ दीड शतक लागले. दलाल, दप्तर, तिजोरी आणि सल्ला या चार गोष्टी एकमेकींपासून कशा वेगळ्या होत गेल्या, हाच या बाजाराच्या प्रशासनाचा खरा इतिहास आहे. हा विषय केवळ अभ्यासकांचा नाही. आज महाराष्ट्राबाहेर नोकरी करणारा कोणीही मराठी माणूस मोबाइलवर दहा मिनिटांत ब्रोकरकडे खाते उघडतो आणि निवृत्तीची पुंजी म्युच्युअल फंडांत वा शेअर्समध्ये ठेवू लागतो. कोणता ब्रोकर निवडावा, असे विचारल्यावर उत्तर सहसा दलालीच्या दरावरून दिले जाते. इतिहास पाहिला तर दलालीचा दर हा या प्रश्नाचा सर्वांत लहान भाग असल्याचे दिसून येते.

वडाच्या झाडापासून नोंदणीकृत संस्थेपर्यंत

मुंबईच्या टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दलाल जमत असत, ही हकिगत सर्वश्रुत आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअर्सवर वायद्याचे सौदे होऊ लागले. प्रेमचंद रायचंद हे त्या काळाचे सर्वांत मोठे नाव. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्यामागोमाग शहरातील अनेक घराणी व संस्था बुडाल्या.

या अनुभवानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन झाली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. संस्थेचे नावच तिचे स्वरूप सांगते: ती दलालांची, दलालांनी चालवलेली संघटना होती. गुंतवणूकदाराला तीत स्थान नव्हते. १९२५ मध्ये मुंबई प्रांताने रोखे व्यवहारांवर नियंत्रणाचा कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये रोखे करार नियमन कायदा आला. या कायद्यांनी बाजाराला मान्यता दिली; घरचा कारभार मात्र दलालांच्याच हाती राहू दिला.

दिल्लीचे लक्ष तेव्हा दुसरीकडे होते. १९४७ च्या भांडवल उभारणी नियंत्रण कायद्यान्वये कोणत्या कंपनीने किती भांडवल, कोणत्या किमतीला उभारावे हे केंद्रीय अर्थ मंत्रालयातील नियंत्रक ठरवीत असे. म्हणजे शेअर जन्माला येताना शासन हजर असे, पण तो शेअर हातोहात फिरू लागला की शासनाची नजर फारशी पोहोचत नसे. आपल्या प्रशासनाची ही सवय इतर क्षेत्रांतही दिसते. परवाना देताना कसोशी आणि पुढील कारभाराबाबत उदासीनता.

कागदाचे दिवस

शेअर हा तेव्हा कागद होता. विकणाऱ्याने प्रमाणपत्र आणि हस्तांतरणाचा सही केलेला अर्ज दलालाकडे द्यायचा, त्यावर मुद्रांक लावायचा, खरेदीदाराने तो कंपनीच्या निबंधकाकडे पाठवायचा आणि निबंधकाने सही जुळवून आपल्या नोंदवहीत नाव बदलायचे. सही जुळली नाही, मुद्रांक कमी पडला किंवा अर्जाची मुदत संपली तर कागद परत येई. बाजाराच्या भाषेत याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. टपालात हरवलेली, चोरीस गेलेली आणि बनावट प्रमाणपत्रे हा वेगळा प्रकार.

ज्यांनी महसूल खात्यात काम केले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. खरेदीखत नोंदले गेले, पण फेरफार झाला नाही आणि सात-बाऱ्यावर जुनेच नाव राहिले, तर नव्या मालकाची जी अवस्था होते तीच कागदी शेअर घेणाऱ्याची होई. त्याने पैसे दिलेले असत, कागद हातात असे, परंतु नोंदवहीत नाव दुसऱ्याचेच असे आणि लाभांश त्या दुसऱ्याच्या पत्त्यावर जाई.

मुंबईपासून दूर राहणाऱ्याची अडचण याहून मोठी होती. देशात अहमदाबाद (१८९४), कोलकाता (१९०८), पुणे (१९८२) अशी अनेक ठिकाणी प्रादेशिक शेअर बाजार होते. तरीही प्रमुख शेअर्सचा खरा भाव मुंबईतच ठरे. भोपाळ वा रायपूरच्या गुंतवणूकदाराचा आदेश उपदलालामार्फत मुंबईस पोहोचे आणि सौदा नेमका कोणत्या भावाला झाला हे त्याला दलाल सांगेल तेच मानावे लागे. दलालीची कमाल मर्यादा अडीच टक्के होती, पण भावातच किती मिसळले गेले हे तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

सामान्य नोकरदाराला या गुंत्यातून वाचवण्यासाठी शासनाने दुसरी वाट काढली. संसदेने १९६३ मध्ये कायदा केला, १९६४ मध्ये युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाचे काम सुरू झाले आणि दहा रुपये दर्शनी किमतीचे ‘यूएस-६४’ हे युनिट घरोघरी पोहोचले. दोन पिढ्यांनी ते पोस्टाच्या बचतीइतके सुरक्षित मानले. या योजनेत एक मूलभूत दोष होता. युनिट काढणारी, पैसे गुंतवणारी आणि युनिटचा भाव जाहीर करणारी संस्था एकच होती. जाहीर होणारा भाव हा मालमत्तेच्या प्रत्यक्ष मूल्यावर आधारलेला नव्हता. जुलै २००१ मध्ये या दोहोंतील अंतर झाकणे अशक्य झाले आणि युनिटची विक्री व पुनर्खरेदी थांबवावी लागली. पुढे २००३ मध्ये संस्थेचे विभाजन झाले आणि युनिटधारकांना ६.७५ टक्के व्याजाच्या करमुक्त रोख्यांचा पर्याय देण्यात आला. शासनाचे नाव असले म्हणजे अधिकारविभाजनाची गरज संपते, हा समज या प्रकरणाने कायमचा दूर केला.

पहिले विभाजन : बाजार आणि दलाल

१९८८ मध्ये सेबीची स्थापना झाली, परंतु प्रारंभी तिला वैधानिक अधिकार नव्हते. ते १९९२ मध्ये मिळाले. त्याच वर्षी रोखे घोटाळा उघडकीस आला आणि त्याच वर्षी भांडवल उभारणी नियंत्रण कायदाही रद्द झाला. किंमत ठरवणारे शासन मागे सरले आणि वर्तन पाहणारी नियामक संस्था पुढे आली. हा बदल आपल्या आर्थिक प्रशासनातील फार मोठा बदल होता.

याच काळात राष्ट्रीय शेअर बाजाराची, म्हणजे एनएसईची, उभारणी झाली. वित्तसंस्थांनी उभारलेल्या या बाजाराची मालकी दलालांकडे नव्हती, डॉ. आर. एच. पाटील हे तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. नोव्हेंबर १९९४ मध्ये तेथे शेअर्सचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर सुरू झाले. उपग्रहाद्वारे जोडलेले पडदे लहान शहरांत पोहोचले आणि भाव व वेळ यांची नोंद आपोआप होऊ लागली. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही आरडाओरड्याची जुनी पद्धत सोडून पडदा स्वीकारला. मार्च २००१ च्या घसरणीनंतर ‘बदला’ पद्धत बंद झाली आणि दलालांनीच बाजाराचा कारभार पाहण्याची परंपरा मोडीत निघाली. २००५ मध्ये मुंबई शेअर बाजाराचे रूपांतर कंपनीत झाले. खेळाडूनेच पंच व्हायचे, ही १८७५ पासूनची रीत अशा प्रकारे एकशेतीस वर्षांनी संपली.

दुसरे विभाजन : दलाल आणि दप्तर

१९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअरचा कागदच नाहीसा केला. नोव्हेंबर १९९६ मध्ये एनएसडीएल आणि १९९९ मध्ये सीडीएसएल या संस्थांनी काम सुरू केले. एनएसडीएलचे प्रमुख म्हणून चंद्रशेखर भावे यांनी दीर्घ काळ काम पाहिले. महाराष्ट्र संवर्गातील या भारतीय प्रशासन सेवेच्या अधिकाऱ्याने सेबीत काम केल्यानंतर सेवा सोडून ही संस्था उभी केली आणि पुढे २००८ ते २०११ या काळात ते सेबीचे अध्यक्ष झाले. प्रशासकीय सेवेतील माणसाने नोंदवहीचे महत्त्व ओळखावे, यात नवल नाही.

या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. कंपनीच्या दप्तरी शेअरचा नोंदणीकृत मालक म्हणून डिपॉझिटरीचे नाव असते आणि लाभधारक मालक म्हणून आपली नोंद डिपॉझिटरीच्या दप्तरी असते. लाभांश आणि मतदानाचा हक्क लाभधारकाचा. ज्याला आपण ‘माझा ब्रोकर’ म्हणतो तो बहुधा या डिपॉझिटरीचा सहभागी सदस्य, म्हणजे दप्तराच्या खिडकीवर बसलेला माणूस असतो. दप्तर त्याचे नसते. खिडकी उद्या बंद झाली तरी दप्तरातील नोंद पुसली जात नाही आणि आपले शेअर दुसऱ्या सदस्याकडील खात्यात नेता येतात.

१९९९ पासून टप्प्याटप्प्याने डिमॅट व्यवहार सक्तीचे झाले. त्याखेरीज २००० मधील पुढची घटना शक्य नव्हती. त्या वर्षी जानेवारीअखेर सेबीने इंटरनेटवरून शेअर व्यवहारांस परवानगी दिली आणि फेब्रुवारीत एनएसईवर असे व्यवहार सुरू झाले. ऑनलाइन ब्रोकर हा संगणकयुगाचा चमत्कार मानला जातो. वस्तुतः तो नोंदवही वेगळी काढल्याचा परिणाम आहे. दप्तर दलालाच्या कपाटात राहिले असते तर खिडकी मोबाइलवर आणून उपयोग झाला नसता. सौद्याची पूर्तताही जलद होत गेली. पूर्वी चौदा-चौदा दिवसांच्या हिशेबाने चालणारे व्यवहार २००३ मध्ये दोन दिवसांवर आणि जानेवारी २०२३ अखेर सर्व शेअर्ससाठी एका दिवसावर आले.

म्युच्युअल फंडाच्या बाबतीत हे विभाजन आणखी पुढे गेले आहे. १९९६ च्या सेबी नियमावलीने प्रवर्तक, विश्वस्त, व्यवस्थापन कंपनी आणि रोखे सांभाळणारा अभिरक्षक यांच्या भूमिका वेगळ्या केल्या. युनिटधारकांची नोंदवही बहुधा स्वतंत्र निबंधक संस्थेकडे असते. म्हणून एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते ती येथे स्पष्ट करतो. म्युच्युअल फंडात गुंतवणूक करण्यासाठी डिमॅट खाते आवश्यक नाही. युनिट्स फंडाच्या फोलिओमध्ये, खातेउताऱ्याच्या स्वरूपात ठेवता येतात आणि तेथे ब्रोकरची गरजच पडत नाही.

तिसरे विभाजन : दलाल आणि ग्राहकाची मालमत्ता

दप्तर वेगळे झाले, तरी दलालाच्या हाती एक किल्ली राहून गेली होती. ती म्हणजे मुखत्यारपत्र. शेअर विकल्यावर ते खात्यातून वळते करण्यासाठी ग्राहकाने कागदावर सही करण्याऐवजी ब्रोकरला कायमचे मुखत्यारपत्र देण्याची पद्धत ऑनलाइन व्यवहारांबरोबर रूढ झाली. खाते उघडताना सह्या कराव्या लागणाऱ्या पंचवीस-तीस पानांत ते एक पान असे आणि ते वाचणारे थोडे.

२२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंग या कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला. मुखत्यारपत्राचा गैरवापर करून ग्राहकांचे शेअर कंपनीने आपल्या नियंत्रणाखालील खात्यात वळवले व ते वित्तसंस्थांकडे तारण ठेवून कर्ज उचलले, असा ठपका तीत होता. त्यानंतर डिसेंबरच्या प्रारंभी सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत गेले. हे शक्य झाले ते अंतिम दप्तर डिपॉझिटरीकडे असल्यामुळे. १९९६ पूर्वीच्या कागदी व्यवस्थेत हे शेअर शोधण्यात वर्षे गेली असती. तथापि पूर्तता बाकी असलेल्या ग्राहकांना बराच काळ हेलपाटे घालावे लागले.

या प्रकरणानंतर नियम झपाट्याने बदलले. सप्टेंबर २०२० पासून तारण ठेवलेले शेअर ग्राहकाच्याच खात्यात राहून त्यांवर तारणाची नोंद होऊ लागली. २०२२ मध्ये व्यापक मुखत्यारपत्राऐवजी मर्यादित स्वरूपाचे ‘डीडीपीआय’ हे अधिकारपत्र आले आणि तेही ऐच्छिक आहे. ते न देता प्रत्येक विक्रीच्या वेळी सांकेतिक क्रमांकाने स्वतः मंजुरी देता येते. म्युच्युअल फंडांच्या व्यवहारांत ब्रोकरने वा ऑनलाइन मंचाने ग्राहकांचे पैसे आपल्या खात्यात एकत्र गोळा करण्यास जुलै २०२२ पासून मनाई झाली. पैसे थेट फंडाकडे अथवा बाजाराच्या समाशोधन संस्थेकडे जातात. २०२५ मध्ये विकत घेतलेले शेअर समाशोधन संस्थेकडून थेट ग्राहकाच्या डिमॅट खात्यात जमा होण्याची पद्धतही लागू झाली. कोषागाराचा संकेत शेअर बाजारात पोहोचला तो असा.

चौथे विभाजन : विक्री आणि सल्ला

म्युच्युअल फंड विकणारा आपल्याला सल्ला देतो, पण त्याचा मोबदला फंड कंपनी देते. मग तो माणूस कोणाचा? २००९ पर्यंत फंडात पैसे घालताना सामान्यतः सव्वादोन टक्के रक्कम प्रवेशशुल्क म्हणून कापली जात असे आणि त्यातून विक्रेत्याचे कमिशन निघे. चंद्रशेखर भावे यांच्या कारकिर्दीत, १ ऑगस्ट २००९ पासून, सेबीने हे शुल्क रद्द केले. वितरकांनी त्यास तीव्र विरोध केला. फंड लहान गावांत पोहोचणार नाहीत, हा त्यांचा मुद्दा पूर्णतः खोटा नव्हता. पुढे १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत ‘डायरेक्ट’ म्हणजे विना-कमिशन पर्याय देणे बंधनकारक झाले. २०१३ मध्येच गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र नियमावली आली आणि २०२३ मध्ये डायरेक्ट योजनांची केवळ व्यवहारपूर्ती करणाऱ्या ऑनलाइन मंचांसाठी वेगळी चौकट घातली गेली.

याचा व्यावहारिक अर्थ आकड्यांत पाहावा. दरमहा १०,००० रुपये २५ वर्षे गुंतवले तर एकूण ३० लाख रुपये जातात. केवळ उदाहरणादाखल वार्षिक परतावा ११ टक्के धरला, तर सुमारे १ कोटी ५७ लाख रुपये होतात. १० टक्के धरला, तर सुमारे १ कोटी ३२ लाख. कमिशनपोटी वर्षाला एक टक्का गेला, तर फरक जवळजवळ २५ लाखांचा आहे. उलट दर व्यवहारास २० रुपये शुल्क धरले, तरी ३०० हप्त्यांचे ६,००० रुपये होतात. आपण वीस रुपयांसाठी ब्रोकर बदलतो आणि योजनेच्या नावापुढे ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’ हे पाहत नाही. चांगला सल्ला देणाऱ्यास त्याचे शुल्क अवश्य द्यावे. ते किती आहे, हे ठाऊक असावे एवढेच.

फुकट सेवेची किंमत

गेल्या दशकात अनेक ब्रोकरांनी शेअर्सच्या प्रत्यक्ष खरेदीवरील दलाली शून्य केली. हा खर्च मग भरून कोठून निघतो? त्याचा मोठा भाग दैनंदिन सट्टा आणि फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या ग्राहकांकडून येतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. दीर्घकालीन गुंतवणूकदाराला मिळणारी फुकट सेवा ही या माणसांच्या पैशांवर चालते आणि तिचा ॲप त्यालाही हळूहळू त्याच दिशेने बोलावत असतो. भाव दर क्षणाला हलताना दिसावेत, सूचना वाजत राहाव्यात, एका बोटाने सौदा व्हावा, ही सर्व सोय वारंवार व्यवहार करणाऱ्यासाठी आहे.

येथे शासकीय सेवेतील एका जुन्या नियमाची आठवण होते. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १६ कर्मचाऱ्याला सट्टा करण्यास मनाई करतो; अधिकृत दलालामार्फत प्रसंगोपात्त केलेली गुंतवणूक मात्र त्यातून वगळतो. सट्टा म्हणजे काय, याचे स्पष्टीकरणही तेथेच आहे: वारंवार खरेदी, वारंवार विक्री किंवा दोन्ही. व्याख्येत नफा-तोट्याचा उल्लेख नाही, शेअर कोणता याचाही नाही. फक्त वारंवारतेचा आहे. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या नियमांतही हाच विचार आहे. २०१९ च्या आदेशानुसार केंद्रीय कर्मचाऱ्याचे वर्षभरातील असे व्यवहार सहा महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक झाल्यास ते कळवावे लागतात. मोबाइलची कल्पनाही नव्हती त्या काळी, कागदी शेअर्सच्या युगात लिहिलेली ही व्याख्या आजच्या दीर्घकालीन गुंतवणूकदारानेही पाकिटात ठेवावी अशी आहे, मग तो शासकीय नोकर असो वा नसो.

दूर राहणाऱ्यांचा प्रश्न

आता विशेषतः महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी. बदल्या होतात, भाड्याची घरे बदलतात, पत्ता मात्र गावाकडचा वा तीन बदल्यांपूर्वीचा राहतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२४ नुसार सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही, तर त्या लाभांशाबरोबर ते शेअरही केंद्र शासनाच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. ते परत मिळवता येतात, परंतु त्यासाठी अर्ज, कंपनीची पडताळणी आणि पुष्कळ संयम लागतो. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर्सचे विक्रीने हस्तांतरण होत नाही. वडिलांच्या ट्रंकेत अशी प्रमाणपत्रे असतील, तर ते काम आधी हाती घ्यावे.

परदेशी गेलेल्यांनी आपला निवासी दर्जा बदलल्याचे बँक, ब्रोकर व फंड यांना कळवून खात्याचे स्वरूप बदलून घ्यावे. जुने निवासी खाते तसेच चालवत राहणे नियमबाह्य आहे. अमेरिका व कॅनडातील रहिवाशांची गुंतवणूक सर्वच फंड स्वीकारत नाहीत, हेही जाण्यापूर्वी तपासावे.

या सर्व इतिहासातून ब्रोकरच्या निवडीसाठी काही प्रश्न आपोआप निघतात. तो सेबीकडे नोंदणीकृत आहे काय, आणि त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर जुळतो काय? घेतलेले शेअर माझ्या स्वतःच्या डिमॅट खात्यात, माझ्या नावे दिसतात काय? मी कोणते अधिकारपत्र देतो आहे व ते न देता खाते चालते काय? फंडाचे पैसे थेट फंडाकडे वा समाशोधन संस्थेकडे जातात काय? योजना डायरेक्ट की रेग्युलर? डिमॅटचे वार्षिक शुल्क किती? सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मूलभूत सेवा खात्यात चार लाखांपर्यंतच्या मालमत्तेस हे शुल्क नाही. खाते बंद करून शेअर दुसरीकडे न्यायचे झाल्यास कसे न्यायचे? आणि तक्रारीला उत्तर देणारा माणूस कोणत्या क्रमांकावर भेटतो? ज्याला वर्षातून बारा हप्तेच भरायचे आहेत त्याने पडद्याच्या देखणेपणापेक्षा या शेवटच्या दोन प्रश्नांना अधिक गुण द्यावेत.

त्याहून महत्त्वाची एक सवय आहे. २०१५ पासून डिपॉझिटरी आपल्या पॅन क्रमांकावर असलेल्या शेअर्सचा आणि फंड युनिट्सचा एकत्रित खातेउतारा पाठवतात. ब्रोकरच्या ॲपवर दिसते ती त्याने मांडलेली प्रतिमा. हा उतारा म्हणजे प्रत्यक्ष दप्तराची नक्कल. शेतकरी ज्या दक्षतेने वर्षातून एकदा सात-बारा काढून नाव, क्षेत्र आणि इतर हक्कांचा रकाना पाहतो, त्याच दक्षतेने हा उतारा वाचावा: नाव, संख्या, तारणाची नोंद, वारसनोंद, पत्ता आणि दूरध्वनी. त्याची एक प्रत पती वा पत्नीला समजावून द्यावी. तक्रार असल्यास प्रथम ब्रोकर, नंतर सेबीची २०११ पासूनची ‘स्कोअर्स’ प्रणाली आणि शेवटी २०२३ मध्ये सुरू झालेली ऑनलाइन तंटानिवारण व्यवस्था, असा क्रम आहे.

दीडशे वर्षांत या देशाने दलालाच्या हातून प्रथम बाजाराचा कारभार, मग दप्तर, मग किल्ली आणि काही अंशी सल्ला काढून घेतला. हे काम दरवेळी कोणत्यातरी संकटानंतर झाले, आणि प्रत्येक संकटात कोणाची तरी आयुष्याची पुंजी गेली. त्या माणसांची नावे इतिहासात नाहीत. त्यांच्या नुकसानीतून तयार झालेले नियम मात्र आज आपल्या बाजूने उभे आहेत. ब्रोकर पंचवीस वर्षांत बदलेल, विकला जाईल, कदाचित बंदही पडेल. दप्तरातील आपली ओळ अचूक आहे ना, हे पाहण्याचे काम मात्र कोणताही नियामक आपल्या वतीने करणार नाही.